१०८ : पाठ असावा असा आंकडा

अपघात झाला कीं जखमी मनुष्यास जवळच्या दवाखान्यांत न्यावें, असें सहजच वाटतें. परंतु डोक्यास मार बसला असतां, जेथें शस्त्रक्रियेची सोय नाहीं अशा दारीं गेलेली घटका परत येत नाहीं. ही निवड घाबऱ्या मनानें करावयाची नव्हे. ती जाणत्या हातीं असावी लागते. महाराष्ट्रांत २०१४ सालीं १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हां ९३७ रुग्णवाहिका, प्रत्येकींत डॉक्टर, आणि सर्व जिल्ह्यांची हांक ऐकून रुग्णवाहिका व रुग्णालय यांची गांठ घालणारें पुण्यांतील एकच केंद्र, अशी तिची रचना होती. मदतीस धांवणाऱ्यास २०१९ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें संरक्षणही दिलें आहे. जपमाळेच्या मण्यांचीच ही संख्या. घरांतील लहानथोरांनीं ती पाठ करावी, एवढीच आमची विनंती आहे.