दप्तराजवळचे विद्यापीठ

पदवी परीक्षेचा निकाल हाती पडला की इतिहास विषय घेऊन पुढे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो कोणत्या विद्यापीठात नाव घालावे हा. आणि त्याचे उत्तर बहुधा घरापासूनचे अंतर, वसतिगृहाचा खर्च आणि संस्थेचा लौकिक या तीन बाबींवरून ठरविले जाते. या बाबी क्षुल्लक आहेत असे मी म्हणणार नाही. विशेषतः ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी एम. ए.पर्यंत पोहोचत आहे, त्या घराला खर्चाचा हिशेब आधी मांडावाच लागतो. परंतु रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळा न पाहता प्रवेश घेणार नाही, आणि इतिहासाचा विद्यार्थी मात्र आपली प्रयोगशाळा कोठे आहे याची चौकशीही न करता अर्ज भरतो, याचे मला फार वाईट वाटते. त्याची प्रयोगशाळा म्हणजे दप्तरखाना. आणि तो बहुधा विद्यापीठाच्या आवारात नसून त्याच शहरात, किंवा दुर्दैवाने तीनशे कोसांवरील दुसऱ्याच शहरात असतो.

बी. ए.पर्यंत इतरांनी लिहिलेला इतिहास वाचून भागते. एम. ए.च्या दोन वर्षांत, अध्यापन चांगले असेल तर, तो ज्या कागदांवरून लिहिला गेला त्या कागदांशी विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते. म्हणून विद्यापीठ ठरविण्यापूर्वी त्याने स्वतःला विचारावे की आपले मन कोणत्या काळात रमते, त्या काळाचे कागद कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत आहेत, आणि ते आज कोणाच्या ताब्यात आहेत. याची उत्तरे पक्की असावी लागत नाहीत. एकविसाव्या वर्षी ती पक्की असणे इष्टही नव्हे. पण अंदाजाने का होईना, ती दिल्यावाचून केलेली निवड केवळ योगायोगावर सोडलेली असते.

मराठ्यांच्या इतिहासाचाच दाखला घेऊ. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल सोडून त्यातला एखादा कागद समोर पसरला की प्रथम दिसते ती आडवी ओढलेली शिरोरेषांची रांग, कारण मोडी लिहिणारा कारकून आधी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली, लेखणी शक्य तितकी कमी उचलीत, शब्द एकमेकांना जोडून मजकूर लिही. शब्द कोठे संपतो हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. मग येतो कालनिर्देश. ‘छ’ हे अक्षर म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तिथी. आणि साल अंकांत न देता अरबी संख्यावाचकांत दिलेले, उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हा सुहूर सन मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे त्यात पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. तेव्हा १४ जानेवारी १७६१ चे पानिपत या ११६१ सालातच पडते, हे हिशेब केल्यावर कळते. ही गणिते फळ्यावर एका तासात समजतात. अंगवळणी पडायला मात्र आठवड्यातून दोन दिवस कागदासमोर बसावे लागते, आणि ते पुण्यात राहणाऱ्यालाच परवडते.

या दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तरी छापलेला भाग एकंदर संग्रहाचा अल्पांशच आहे. त्यातच वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह मिळवला की मराठेशाहीच्या अभ्यासकाला मराठी कागदांसाठी पुणे सोडून अन्यत्र जाण्याचे फारसे कारण उरत नाही. ज्याला कागदापेक्षा मातीतून इतिहास काढावयाचा आहे त्यानेही पुण्यातच, पण डेक्कन कॉलेजकडे वळावे. ह. धी. सांकलिया यांनी तेथे घडविलेल्या परंपरेतूनच घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन चालले, आणि लोहयुगापूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्याच्या बळदी आणि दफने उजेडात आली. अशा विषयात प्रत्यक्ष खणतीवर गेल्यावाचून मिळविलेली पदवी अपुरी राहते. म्हणून प्रवेशापूर्वी खणतीची सोय विचारून घ्यावी.

मुंबईची गोष्ट वेगळी. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील सरकारी अभिलेखागारात कंपनी सरकारचा आणि पुढच्या मुंबई इलाख्याचा पत्रव्यवहार आहे, तो मुख्यतः इंग्रजीत. गिरणगाव, बंदर, प्लेग, म्युनिसिपालटी, कामगारांचे संप हे ज्याचे विषय, त्याने मुंबई विद्यापीठच पाहावे. गोव्यातील अभिलेखागारात पोर्तुगीज अमदानीचे शतकानुशतकांचे दप्तर आहे, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याच दप्तरातून मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास उभा केला. पणजीस जाणाऱ्याने पोर्तुगीज भाषेची तयारी ठेवावी, आणि दोन वर्षांत ती कामापुरती येते, याची खात्री बाळगावी.

दिल्लीचे आकर्षण मोठे आहे आणि ते अकारण नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या इतिहास केंद्राची उभारणी सर्वपल्ली गोपाल, सतीश चंद्र, रोमिला थापर आणि बिपन चंद्र अशा अध्यापकांनी केली; तेथे आणि दिल्ली विद्यापीठात विद्यार्थी वाद घालायला, पुरावा तपासायला आणि निबंध लिहून तो इतरांपुढे मांडायला शिकतो. १८९१ साली कलकत्त्यास सुरू झालेला आणि पुढे दिल्लीस आलेला राष्ट्रीय अभिलेखागार तेथून जवळ आहे. ब्रिटिश राजवट वा राष्ट्रीय चळवळ हा ज्याचा विषय, त्याने केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेची तयारी अवश्य करावी. मोगल काळासाठी मात्र मी अलीगढला अधिक मान देईन, कारण तेथे फारसी साधनांवरून शेतसारा, मनसब आणि बाजारभाव यांचा अभ्यास करण्याची इरफान हबीब यांच्यासारख्यांनी रुजविलेली शिस्त आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींच्या मनात इंग्रजीची धास्ती असते, आणि तिच्यापायी कित्येक जण दूरच्या विद्यापीठांचा विचारच सोडून देतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांत एम. ए.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, ही मोठी सोय आहे. तरी नियतकालिके आणि नवे संशोधन बहुतांशी इंग्रजीत असल्याने वाचनापुरते इंग्रजी सर्वांनाच कमवावे लागते. पण उलट बाजूही ध्यानात घ्यावी. जदुनाथ सरकारांसारख्या बंगाली पंडिताला जी मराठी परिश्रमाने शिकावी लागली, ती तुमच्याजवळ आईच्या तोंडून आलेली आहे, आणि मराठी कागदांवर काम करताना ते भांडवल कोणत्याही लौकिकापेक्षा मोठे ठरते.

अध्यापकांची चौकशी करण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. तो पडावा असे मला मनापासून वाटते. विभागात कोण शिकवितात, त्यांनी काय लिहिले आहे, दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो की केवळ प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात, याची माहिती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आणि ग्रंथालयाच्या कपाटात मिळते. विभागात चालू वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला गाठून, गेल्या सहामाहीत अभिलेखागारात कितीदा नेले, एवढा एकच प्रश्न विचारला तरी बरेच उमगते. नोकरीची बाब थोडक्यात सांगता येते: राज्यसेवेला किंवा केंद्रीय लोकसेवेला कोणत्याही शाखेची पदवी पुरते, त्यासाठी एम. ए. करण्याची गरज नाही. महाविद्यालयात अध्यापन करावयाचे असेल तर सर्वसाधारण उमेदवाराला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि वर नेट किंवा सेट लागते.

शेवटी मराठवाड्यातील विद्यार्थ्यांविषयी थोडे आग्रहाने लिहावेसे वाटते, कारण त्यांना पुण्याला किंवा मुंबईला जा असे सर्वजण सांगतात आणि हैदराबादचे नाव कोणी घेत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड, बीड, परभणी, उस्मानाबाद हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथील जहागिरी, देशमुख्या, शेतसारा आणि पोलीस यांचे वरिष्ठ दप्तर उर्दूत व फारसीत हैदराबादेस साठले, आणि शाहजहान व औरंगजेब यांच्या दख्खनमधील कारभाराची फारसी कागदपत्रेही तेथील राज्य अभिलेखागारात आहेत. मूळचे निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी उर्दू आणि फारसी जाणत होते, म्हणूनच औरंगजेबाच्या दरबारची बातमीपत्रे ते मराठी वाचकांसाठी उघडू शकले. त्यांच्यानंतर त्या वाटेने जाणारे फार थोडे झाले. आपल्याच तालुक्याचा गेल्या तीन शतकांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या बीडच्या मुलीने हैदराबाद विद्यापीठाचा किंवा १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानियाचा अर्ज भरावा, पहिल्या सहामाहीपासूनच उर्दू लिपी आणि मग फारसी हाती घ्यावी, आणि सुटीत घरी येताना गावच्या देशपांड्यांकडे किंवा कुलकर्ण्यांकडे मोडीतले जुने कागद माळ्यावर पडले आहेत का, याची विचारपूस करावी. हैदराबादेत वरिष्ठांचे हुकूम सापडतात, पण ते गावात कसे अमलात आले हे त्या माळ्यावरच्या कागदांतच लिहिलेले असते.