बेंजो पार्टीसाठी ‘८०८’ घेताना

कांद्याचे पैसे हातात पडले आणि लग्नसराई जवळ आली की गावोगावच्या बेंजो पार्ट्यांत एकच चर्चा सुरू होते, औंदा नवीन काय घ्यायचं? ऑक्टोपॅड झाला, कीबोर्ड झाला. आता पोरं लॅपटॉपवर ‘८०८’ मागतात. या नावाखाली विकली जाणारी सॉफ्टवेअरं डझनभर आहेत. काही फुकट, तर काहींना चांगले पैसे पडतात. पैसे तुम्हीच मोजणार, तेव्हा हे प्रकरण काय आहे ते आधी समजून घ्या.

टीआर-८०८ हे जपानच्या रोलँड कंपनीचं ठेक्याचं यंत्र. ते १९८० साली बाजारात आलं, १९८३ साली बंद झालं. नग निघाले बारा हजारांच्या आसपास. त्यात खऱ्या ढोलाचं रेकॉर्डिंग नव्हतंच, सगळे आवाज विजेच्या सर्किटातून तयार व्हायचे. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून त्या वेळी पुष्कळांनी नाक मुरडलं. जुनी यंत्रं स्वस्तात निघाली, ती अमेरिकेतल्या पोरांनी उचलली आणि त्या घुमणाऱ्या ठोक्यावर हिप-हॉप उभं राहिलं. आपल्या मुंबईतही १९८२ साली चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकानं हेच यंत्र घेऊन दहा रागांची तबकडी काढली होती.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. आवाजात विशिष्ट सळसळ यावी म्हणून कंपनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घ्यायची. लासलगावच्या बाजारात कुणी खाद माल वेचून घ्यावा आणि त्यावरच नाव काढावं, तशातला प्रकार! पुढे ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांचा माल सुधारला, सदोष नग मिळेनात, आणि यंत्र बंद करावं लागलं. त्यावर ‘काउबेल’ नावाचं एक बटण आहे. दोन सूर एकत्र करून गाईच्या गळ्यातल्या घंटेचा म्हणून जो आवाज दिलाय, तो ऐकून तुमच्या गोठ्यातली गाय मानही वर करणार नाही. पण जगभर तोच चालला.

आता सॉफ्टवेअरचं बघू. नक्कल दोन तऱ्हेची असते. पहिलीत जुन्या यंत्राचे ठोके रेकॉर्ड करून ठेवलेले असतात, त्याला सॅम्पल म्हणतात. दुसरीत त्या सर्किटाचं गणित मांडून आवाज दर वेळी नव्यानं तयार होतो. स्वीडनच्या एका कंपनीनं १९९७ साली ‘रीबर्थ’ नावानं ८०८ची नक्कल घरच्या संगणकावर आणली, ती आता विकली जात नाही. रोलँडनं स्वतःचं ८०८ सॉफ्टवेअर २०१८ साली काढलं. पोलंडच्या डी-१६ कंपनीचं ‘नेफेटॉन’ही याच जातीचं आहे.

डीजेसाठी तयार ट्रॅक करायचा असेल तर सॅम्पल पुरे, त्यावर पैसे घालवू नका. पण सनईवाल्याच्या, संबळवाल्याच्या जोडीनं समोर वाजवायचं असेल तर गणितवालं घ्या. ठोका जोरात, हळू, लांब, तोकडा असा वाजवता वाजवता बदलता येतो. सॅम्पलमध्ये हे जमतं, पण कापल्यासारखं वाटतं.

घेण्याआधी डेमो उतरवून बघा, आणि तो हेडफोनवर ऐकून भुलू नका. ८०८चा मोठा ठोका साधारण पन्नास हर्ट्झचा. एवढा खालचा सूर गाडीवरच्या भोंग्यातून निघतच नाही, नुसती टकटक ऐकू येते. ज्या स्पीकरवर वरातीत वाजवणार त्याच स्पीकरवर लावून बघा. मूळ यंत्रावर मोठ्या ठोक्याचा सूर बदलायची सोय नव्हती, काही सॉफ्टवेअरांत ती आहे. लहान स्पीकर असतील तर सूर जरा वर चढवता यायला हवा. माझ्या मते तुमच्यासाठी ही सोय नावापेक्षा मोठी.

मूळ यंत्राला सोळा घरं, म्हणून केहरवा त्यात सुखानं बसतो. दादऱ्याला सहा मात्रा लागतात, तेव्हा घरं बारावर आणता येतात का ते विचारा. पॅडवर काठी पडली आणि आवाज मागून आला तर सगळा मेळ बिघडतो. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसून लॅपटॉपच्या साउंड कार्डाचा असतो. तेव्हा सगळे पैसे सॉफ्टवेअरमध्ये घालू नका, बाहेरून जोडायच्या बऱ्या साउंड कार्डासाठी काही राखा. वर्गणीचं सॉफ्टवेअर अधूनमधून इंटरनेटवर परवाना तपासतं. पेठ-सुरगाण्याकडं रेंज नसलेल्या पाड्यावर वरात असेल आणि तिथंच ते अडून बसलं, तर नवरदेव घोड्यावर ताटकळेल. एकदाच पैसे देऊन कायमचं मिळत असेल तर ते बरं. पेनड्राइव्हवर फिरणारी चोरटी प्रत मात्र नको. तिच्याबरोबर व्हायरस आला तर लॅपटॉपही जातो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. शासन वर्षातून काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देतं, तेवढीच. खालच्या सुराचा ठोका भिंतीला जुमानत नाही. सनई दार लावल्यावर कमी होते, हा ठोका आतल्या खोलीतल्या बाळंतिणीपर्यंत जातो. परवानगी मागायला पोरं आली की त्यांना ‘डिके’ नावाचा नॉब दाखवायला सांगा. तो कमी केला की ठोका तोकडा होतो, घुमणं थांबतं, आणि मागचा ढोल-ताशाही मोकळा ऐकू येतो.