एकदम की हळूहळू?

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मेडिसिनची ओपीडी. "आई लई इसरायली," मुलगा सांगतो. डॉक्टर आईकडे वळायच्या आधी त्यालाच विचारतात, "एकदम झालं की हळूहळू?"

मेंदूतल्या रक्तवाहिन्या तुंबत किंवा फुटत गेल्या, तर विसर बऱ्याचदा पायऱ्या उतरल्यासारखा वाढतो. काही महिने जैसे थे, मग पुन्हा एक पायरी. अल्झायमरला अशा पायऱ्या नसतात, तो घसरतच जातो. वर्गात हे सोपं वाटत असेल. बीडमध्ये मुलगा दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातो आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततो. पाच-सहा महिन्यांनी पाहिलेली आई त्याला बदललेलीच दिसणार. "एकदमच झालं साहेब," तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

डॉक्टर शेजारणीला फोन लावायला सांगतात. ती सांगते, दिवाळीत भाजीत दोनदा मीठ पडलं. संक्रांतीला वाण देऊन गेल्या आणि तासाभरात तेच वाण घेऊन पुन्हा दारात. म्हणजे हळूहळूच.

मग आईची पाळी. शाळा न शिकलेल्या बाईला शंभरातून सात वजा करायला सांगण्यात अर्थ नाही, म्हणून वार उलटे म्हणायला लावतात. शनिवार, शुक्रवार... गुरुवारपाशी गाडी अडते. चालताना पाय उचलत नाहीत, फरशीवर घासतात. लघवीची घाई होते. बीपी १८० वर १००. गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणल्याच नाहीत. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पोकळ्यांभोवती काळपट डाग दिसतात. बारीक वाहिन्यांचं हे नुकसान एका रात्रीत होत नाही, वर्षानुवर्षं होत असतं.

"दोन्ही असावं," डॉक्टर म्हणतात. म्हातारपणात हे नेहमीचंच. अल्झायमरमधलं अमायलॉइड प्रथिन वाहिन्यांच्या भिंतींतही साचतं. खुद्द अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या प्रसिद्ध रुग्णाची माहिती मांडण्याआधीच रक्तवाहिन्यांमुळे येणाऱ्या स्मृतिभ्रंशावर लिहिलं होतं. आपण मात्र दोन आजारांच्या दोन फायली करून बसलो.

गेलेलं परत येणार नाही. बीपी आटोक्यात राहिलं तर पुढचं नुकसान रोखायला मदत होईल. गोळी रोज कोण देणार, यावर मुलगा गप्प होतो. नातवंडं गावात राहून शाळा शिकतात, ती या आजीच्याच भरवशावर.

"म्हंजी यंदा पोरं फडावर न्यावी लागतील?"

डॉक्टर गावातल्या आशाताईंचा नंबर मागतात.