बारा डोळ्यांचा खादाड

बालवाडीत सुरवंट येतो तो बहुतेक वेळा अंड्यांच्या ट्रेचा. कापायचा, हिरवा रंगवायचा, दोन टपोरे डोळे चिकटवायचे. मुलं खूश, बाई खूश. तक्रार एवढीच, की खऱ्या सुरवंटाला बहुधा १२ डोळे असतात, दोन्हीकडे सहा-सहा, ठिपक्यांएवढे. आणि एवढे असूनही दिसतं धूसरच! तेव्हा काळ्या स्केचपेनने ठिपके द्या, मोजणीही उरकेल.

पायांचा खेळ याहून झकास. १४ मुलांची आगगाडी करा. पहिलं मूल डोकं. मागचे तिघं खऱ्या पायांचे. फुलपाखरू झाल्यावर टिकतात ते हेच सहा. पुढचे दोघं बिनपायाचे, म्हणून हाताची घडी. मग चौघं खोट्या पायांचे, तिघं पुन्हा घडीवाले आणि शेपटाला एक खोट्या पायांचा. खोटे पाय मांसल असतात, त्यांच्या तळाला बारीक आकडे, पान घट्ट धरायला. आता गंमत: सुरवंट चालतो तेव्हा लाट मागून पुढे सरकते. म्हणजे पहिलं पाऊल शेवटच्या मुलाचं! रांगेत नेहमी मागे राहणाऱ्याला असा मान क्वचितच मिळतो.

गावाकडची मुलं म्हणतील, आमच्या सोयाबीनवरची अळी अशी नाही चालत. बरोबर आहे. उंटअळीला मधले खोटे पाय कमी, म्हणून ती पाठीची कमान करत जाते. हात टेका, पाय जवळ ओढा, हात पुढे... पाच मिनिटांत वर्गभर उंटअळ्या.

एरिक कार्लच्या १९६९च्या चित्रपुस्तकातला जगप्रसिद्ध खादाड सुरवंट मुळात सुरवंट नव्हताच. कागदाला भोकं पाडताना कार्लला सुचला तो विली नावाचा पुस्तकातला किडा. संपादकबाईंनी त्याचा सुरवंट करवला. तो सफरचंदापासून केकपर्यंत सगळं हादडतो. खरे सुरवंट मात्र बहुतेक भलतेच चोखंदळ. कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळीला कढीपत्ता, लिंबू याच कुळातलं पान लागतं. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालेल्या ब्लू मॉर्मनचंही तेच.

म्हणून कढीपत्त्याची एक कुंडी वर्गाबाहेर ठेवाच, आणि तिच्यावर औषध मारू नका. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर गोल अंडं दिसेल. अळी बाहेर येते ती पहिल्यांदा स्वतःचं टरफल खाते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते, कोण खाणार? मोठी झाली की हिरवीगार. मऊ ब्रशने हलकेच डिवचा, डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर येतं आणि असा वास सुटतो, की सगळा वर्ग ‘ईईई!’ (केसाळ सुरवंट दिसला तर मात्र लांबूनच बघायचा, अंगाची खाज खेळ विसरायला लावते.)

फांदीसकट अळी बरणीत आणली तर रोज ताजी पानं घाला आणि लेंड्या काळ्या कागदावर चिकटवा. आज खसखस, आठवड्याने मिरी: वाढीचा तक्ता तयार. हे काम मुलं कुठल्याही चित्रकलेपेक्षा मनापासून करतात.

बरणीच्या तोंडाला जाळीचं फडकं बांधायला विसरू नका. कोश करायची वेळ आली की अळी खाणं सोडून भटकायला निघते आणि सापडते ती बाईंच्या पर्सच्या पट्ट्यावर, रेशमी कंबरपट्टा बांधून. मग दहा-बारा दिवस पर्स जागची हलवायची नाही.