विश्लेषण : एक गोळी सुटते, पण दुसरी चढत नाही! रायफल ‘अडकते’ तेव्हा नेमके काय होते?

वसई गावात होळी बाजाराच्या गर्दीत सणासुदीचा किंवा निवडणुकीचा बंदोबस्त लागला, की पोलिसांच्या खांद्यावरची लांब रायफल लक्ष वेधून घेते. राज्यातील पोलीस दलात वर्षानुवर्षे वापरली गेलेली एसएलआर, म्हणजेच सेल्फ लोडिंग रायफल, हे त्यातले ओळखीचे नाव. नावाप्रमाणे ही रायफल पुढची गोळी स्वतःच भरते. मात्र हे ‘स्वतःच भरणे’ बिनसले, की शस्त्र हातात असूनही जवान निःशस्त्र होतो. असे का होते आणि दोष शोधायचा कसा, याविषयी...

ही अडचण आली कुठून?

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंकडे ठासणीच्या बंदुका होत्या. दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, मग बार काढा. प्रत्येक बार हाताने भरायचा असल्याने ‘पुढची गोळी चढली नाही’ हा प्रश्नच नव्हता. पुढे बोल्ट ॲक्शन रायफली आल्या. त्यात गोळ्या मॅगझिनमध्ये असतात, पण प्रत्येक वेळी बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती याच प्रकारची .३०३ रायफल होती. त्या युद्धानंतर ७.६२ मिमीची एसएलआर सैन्यात आली. तिची निर्मिती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात झाली. ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चेंबरमध्ये जाते. म्हणून ही रायफल अर्धस्वयंचलित. हाताचे काम यंत्राकडे गेले आणि त्याबरोबर यंत्राचे दुखणेही आले.

रायफल पुढची गोळी कशी भरते?

गोळी सुटते तेव्हा नळीत तयार झालेल्या वायूचा थोडा भाग एका छिद्रातून वर येतो आणि पिस्टनला धक्का देतो. पिस्टन बोल्टला मागे ढकलतो. मागे जाताना बोल्ट रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. मग मागची स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे लोटते. पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधले सर्वात वरचे काडतूस ढकलतो, ते उतारावरून चेंबरमध्ये शिरते आणि बोल्ट मागून कुलूपबंद होतो. हे सारे सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागात घडते.

यात एका गोष्टीची वेळ साधावी लागते. बोल्ट मागे जाऊन परत येईपर्यंत मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणून ठेवलेले असले पाहिजे. स्प्रिंग सुस्त असेल किंवा बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही, तर गाडी चुकते.

अडकलेले काडतूस काय सांगते?

रायफल अडकली की आधी हत्यारे बाहेर काढायची नसतात. काडतूस कुठे थांबले आहे ते पाहायचे. निम्मे निदान तिथेच होते.

- बोल्ट पुढे आला, पण चेंबर रिकामे : मॅगझिन नीट बसलेले नाही, त्याची स्प्रिंग कमजोर आहे किंवा वायूचा जोर कमी पडल्याने बोल्ट अर्ध्यातूनच परतला.
- काडतुसाचे टोक उतारावर रुतले : बहुतेकदा मॅगझिनच्या तोंडाच्या कडा वाकलेल्या असतात. काडतूस चुकीच्या कोनात सुटते आणि नाक घासत थांबते.
- एकाच वेळी दोन काडतुसे पुढे आली : कडा फाकल्या असाव्यात. मॅगझिन एकेक काडतूस सोडत नाही.
- चेंबरमध्ये रिकामी पुंगळी आणि तिच्या मागे नवे काडतूस : हा भरण्यातला दोष वाटतो, पण तसा नाही. जुनी पुंगळी बाहेरच आली नाही. चेंबर अस्वच्छ असेल किंवा पुंगळी ओढणारी नखी झिजली असेल.
- रिकामी पुंगळी बाहेर पडताना मध्येच अडकली : पुंगळी फेकणारा भाग कमजोर आहे किंवा वायूचा जोर अपुरा आहे.
- बोल्ट पूर्ण बंद होत नाही : चेंबरमध्ये मळ आहे किंवा काडतूसच चेपलेले आहे.

दोष शोधायचा क्रम कोणता?

सोपे आणि स्वस्त ते आधी, हा कोणत्याही यंत्राचा नियम इथेही लागू होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर दोष कशात होता, हे कधीच कळत नाही.

पहिला संशयित मॅगझिन. तीच रायफल, तीच काडतुसे आणि दुसरे मॅगझिन लावून पाहायचे. अडचण गेली तर दोषी सापडला. म्हणूनच मॅगझिनवर क्रमांक टाकून ठेवण्याची शिस्त उपयोगी पडते. ‘कधीतरी अडकते’ ही तक्रार ‘चार नंबरचे मॅगझिन अडकते’ इतकी नेमकी होते. वाकलेल्या कडांचे किंवा थकलेल्या स्प्रिंगचे मॅगझिन पुन्हा खोक्यात टाकू नये, नाहीतर ते पुढच्या माणसाच्या वाट्याला येते.

दुसरा संशयित काडतूस. जुना साठा, हिरवा गंज, चेपलेली पुंगळी हे डोळ्यांना दिसते. दुसऱ्या लॉटमधील काडतुसे वापरून खात्री करता येते.

तिसरा संशयित मळ. किनारपट्टीवर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद लवकर गंजते. म्हणून तेल लागतेच, पण जास्त तेल धूळ धरते आणि त्याचा चिखल होतो. पुलथ्रू आणि चिंधीने नळी साफ होते, पण चेंबर आणि मॅगझिनचा आतला भाग अनेकदा तसाच राहतो.

हे सगळे ठीक असेल तरच वायूकडे वळायचे. एसएलआरमध्ये पिस्टनकडे जाणारा वायू कमी-जास्त करण्यासाठी रेग्युलेटर असतो. गोळीबारात काजळी साचून बोल्ट सुस्तावला, की तो एक-दोन खाचा फिरवून पिस्टनला जास्त वायू देता येतो. मात्र गरजेपेक्षा जास्त वायू दिला, तर रायफल जोरात आदळते आणि भाग लवकर झिजतात. मळ साफ करण्याऐवजी रेग्युलेटर फिरवत राहणे म्हणजे ताप का आला हे न पाहता रोज गोळी घेण्यासारखे आहे.

दोष रायफलचा की देखभालीचा?

हा वाद भारतात इन्सास रायफलीवरून रंगला. ५.५६ मिमीची ही रायफल पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या संशोधन संस्थेशी जोडलेली आहे. ती एकेक गोळी आणि तीन गोळ्यांची फैर अशी दोन्ही प्रकारे चालते. १९९९ च्या कारगिल युद्धात ती नवी होती. तेव्हा रायफल अडकण्याच्या आणि कडाक्याच्या थंडीत तिचे प्लास्टिकचे मॅगझिन तडकण्याच्या तक्रारी आल्या. मॅगझिन तडकले की आतल्या काडतुसांचा कोन बिघडतो आणि पुढचे सगळे बिनसते.

ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालीकोट जिल्ह्यातील पिली येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात ४० हून अधिक नेपाळी जवान मारले गेले. दीर्घ चकमकीत भारताने दिलेल्या इन्सास नीट चालल्या नाहीत, असे नेपाळच्या लष्कराने म्हटले. भारताने प्रशिक्षण आणि देखभालीकडे बोट दाखवले.

या दोन प्रसंगांतून एकच एक निष्कर्ष काढता येत नाही. थंडीत तडकणारे मॅगझिन ही रचनेतील उणीव होती, ती कोणत्याही चिंधीने पुसून जाणारी नव्हती. पण उत्तम रचनेची रायफलही काजळीने भरली, तर अडकतेच. अडकल्याची प्रत्येक घटना मॅगझिन, काडतूस आणि रायफल यांच्या क्रमांकासह नोंदवली गेली, तरच उत्तर सापडते. नोंद नसेल तर उरतात ते आरोप.

सरावाचा संबंध काय?

२६/११ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या गोळीबार सरावातील त्रुटी आणि दारूगोळ्याची कमतरता यांकडे लक्ष वेधले होते. याचा रायफल अडकण्याशी थेट संबंध आहे. कमजोर मॅगझिन शस्त्रागारात ठेवून कळत नाही, ते गोळीबारातच उघडे पडते. सराव झाला नाही, तर दोष पहिल्यांदा दिसतो तो प्रत्यक्ष प्रसंगात. शिवाय अडकलेली रायफल काही क्षणांत मोकळी करायची सवय हाताला लागते ती सरावानेच.

अडकल्यावर काय करू नये?

- नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवावे. ‘काय झाले बघू’ म्हणून ते आपल्याकडे वळवणे जिवावर बेतू शकते.
- ट्रिगर दाबूनही बार झाला नाही, तर सराव मैदानावर लगेच बोल्ट उघडू नये. गोळी उशिराने सुटू शकते. साधारण अर्धा मिनिट थांबावे.
- आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी झाडू नये. आधीची गोळी नळीतच असू शकते.
- मॅगझिन काढल्याने रायफल रिकामी होत नाही. चेंबर डोळ्यांनी तपासावे.

नेमबाजीतही हेच सूत्र आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. या प्रकारातील पिस्तूलही स्वतःच पुढची गोळी भरते. स्पर्धेत पिस्तूल अडकले तर खेळाडूने ते लक्ष्याच्या दिशेलाच धरून मोकळा हात वर करायचा असतो. स्वतः यंत्रणेला हात लावला, तर पुन्हा संधी मागण्याचा हक्क जाऊ शकतो.

सामान्य नागरिकांसाठी आणखी एक गोष्ट. सैन्य आणि पोलिसांची काडतुसे वापरू शकणारी .३०३ किंवा ७.६२ मिमीची रायफल नेहमीच्या शस्त्रपरवान्यात बसत नाही. ज्यांच्याकडे परवान्याचे अन्य शस्त्र आहे, त्यांनी ते अडकल्यास घरी कानस न चालवता परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे. सोबत मॅगझिनही न्यावे. दोष बहुधा त्यातच असतो.