ज्या गिअरात चढला, त्याच गिअरात उतर

माथेरानला मोटार चालत नाही. नेरळहून आलेली टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढे पाय, घोडा किंवा अलीकडची ई-रिक्षा. रुग्णवाहिका वगळली तर मोटारीच्या इंजिनाचा आवाज इथे पाहुणाच. तरीही ट्रकचालकांच्या प्रशिक्षणाचा विषय मला याच डोंगरावर सुचला. नेरळला परत उतरताना टॅक्सीवाला गाडी खालच्या गिअरात टाकून ब्रेकवरचा पाय जवळजवळ काढूनच घेतो. मागे बसलेल्या पाहुण्याला इंजिन ओरडतंय म्हणून काळजी वाटते. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, हा घाटाचा जुना नियम. तो या टॅक्सीवाल्यांना कुठल्या वर्गात बसून कळलेला नाही, जुन्याजाणत्यांच्या शेजारी बसून कळला.

आता याच डोंगराच्या दक्षिणेला पाहा. चौकच्या बाजूने खालापूर तालुका पसरलेला आहे आणि त्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बोरघाटाकडे जातो. त्या घाटातून रात्रंदिवस उतरणाऱ्या कंटेनर-ट्रेलरच्या चालकांना हा नियम कोणी शिकवला?

बोरघाटातला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला आणि रेल्वे १८६३ मध्ये आली. रेल्वेने उताराचा धसका पहिल्यापासून घेतला. कर्जत-लोणावळा चढण ३७ मीटरला १ मीटर, म्हणून चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं जोडतात (दिवाडकरांचा वडा खायला तेवढाच वेळ). उतरणाऱ्या गाडीला मंकी हिल, ठाकूरवाडी इथे थांबून ब्रेक दाखवावा लागतो. गाडी सुटलीच तर तिला अडवायला चढावर जाणारे आडरूळ ठेवलेले आहेत. शिवाय लोको पायलट घाटात आधी शिकाऊ म्हणून येतो, एकट्याच्या भरवशावर नाही. शेजारच्या रस्त्यावर मात्र लायसनवर शिक्का असला की झालं.

उतार म्हणजे नेमकं काय, याचा एक ढोबळ हिशोब करू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे. खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास उतरायचं. भरलेला ट्रेलर ४० टनांचा धरला, तर तेवढी उंची उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर साडेसहाशे लिटरहून अधिक थंड पाण्याला उकळी फुटेल. काही ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेली इंजिनाने शोषायची की ब्रेकच्या लायनरने, हे चालक ठरवतो. गाडी खालच्या गिअरात असेल तर इंजिनच तिला धरून ठेवतं. न्यूट्रल करून सोडली तर सगळा भार लायनरवर येतो. लायनर तापून गुळगुळीत होतात, तापलेला ड्रम फुगतो, सारखा पाय मारल्याने टाकीतली हवा उतरते आणि मग ‘ब्रेक फेल’ची बातमी छापून येते. ब्रेक बऱ्याचदा निकामी नसतातच, त्यांना आधीच शिजवलेलं असतं. न्यूट्रल मारण्यामागचं कारण चार पैशांचं डिझेल. ते मालकाने मोजून दिलेलं असतं आणि वाचलेलं बहुधा चालकाचं. २६ जुलै २०२५ रोजी खोपोलीजवळ एका कंटेनरने वीसेक गाड्यांना धडक दिली आणि एका महिलेचा जीव गेला. तेव्हाही ब्रेक निकामी झाल्याचंच सांगण्यात आलं.

नियमात प्रशिक्षण नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहतुकीचं वाहन शिकवणाऱ्या शाळेने किमान ३० दिवसांचा अभ्यासक्रम आणि त्यात १५ तास प्रत्यक्ष गाडी चालवायला द्यायची आहे. २०२१ पासून मान्यताप्राप्त केंद्रांची नवी तरतूद आली: सपाट प्रदेशात दोन एकर जागा, सिम्युलेटर, चाचणीचा ट्रॅक आणि जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास. तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. ही माफी मला खटकते. जो शिकवतो, फी घेतो, तोच पास करतो. केंद्र चोख असेल तर उत्तम, नसेल तर त्याच्यावर नजर कोणाची? आणि सपाट दोन एकरांवर आठचा आकडा कितीही सुबक काढला, तरी उतार कळत नाही. सिम्युलेटरवर लायनरचा जळका वास येत नाही.

म्हणून कंपन्यांनी चालवलेल्या शाळांकडे आशेने पाहिलं जातं. अशोक लेलँडने १९९५ मध्ये तमिळनाडूत नामक्कलला चालक प्रशिक्षण संस्था उभी केली. नामक्कल हे ट्रकचंच गाव; मालक, चालक, बॉडी बांधणारे सगळे तिथलेच. कंपनीची नसली, तरी आपल्याकडे पुण्यात केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेची शाळा आहे, एसटीच्या उमेदवारांची चाचणीही तिच्या संगणकीय ट्रॅकवर झालेली आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या शाळेत नवी गाडी मिळते, कापून ठेवलेलं इंजिन पाहायला मिळतं, एक्झॉस्ट ब्रेक कधी लावायचा हे कळतं. गल्लीतल्या स्कूलमध्ये यातलं काही नसतं. पण कंपनीची शाळा कंपनीच्या गरजेने चालते. गाडी विकणाऱ्याला चालक हवा असतो तो आपली गाडी उभी राहू नये म्हणून. माल वाहणाऱ्याला तो उद्याच हवा असतो.

ही घाई कुठवर जाते ते अमेरिकेत दिसतं. तिथल्या मोठ्या वाहतूक कंपन्या नवख्यांना स्वतःच्या शाळेत घेतात, फी मागत नाहीत, पण ठरलेला काळ, बहुधा वर्षभर, नोकरी करण्याचा करार करून घेतात. आधी सोडलं तर फी वसूल. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नोंदणीकृत संस्थेतूनच शिकणं सक्तीचं झालं, मात्र स्टेअरिंगवर किमान किती तास बसवायचं याचा आकडा नियमात नाही. शाळेनंतर काही आठवडे ‘ट्रेनर’बरोबर फिरायचं असतं. चालकांची जुनी तक्रार अशी की ट्रेनरच जेमतेम वर्ष-सहा महिन्यांचा अनुभवी असतो, आणि शिकाऊ मुलगा गाडी हाकत असताना तो मागच्या बर्थवर झोपलेला असतो. दोघांच्या पाळ्यांनी गाडी थांबत नाही, एवढाच धंद्याचा फायदा. युरोपीय संघात २८० तासांची प्राथमिक पात्रता (लवकर करायची तर १४० तास) आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. आपले ३८ तास त्यांच्या शेजारी ठेवून पाहावेत.

खालापूरला यातली उजळणी विशेष लागू पडते. पाताळगंगा-रसायनीच्या पट्ट्यातून रसायनांचे टँकर निघतात. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि पुढे त्याची उजळणी कायद्याने बंधनकारक आहे. सक्तीची उजळणी असलेला आपल्याकडचा हा दुर्मीळ वर्ग. १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ टँकर पेटून चौघे गेले, खालच्या रस्त्यावरही आग सांडली. तीन दिवस पुरे आहेत का, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता.

या सगळ्याच्या आधी आपली एक शाळा होतीच: उस्ताद आणि किन्नर (क्लीनर). पोरगा टायर ठोकून पाहायला शिकायचा, चाकाला लाकडी ओट लावायचा, रिकाम्या गाडीवर रात्री हात साफ करायचा आणि काही वर्षांनी उस्तादाच्या जागी बसायचा. त्या शाळेत शिव्या होत्या, मार होता, न्यूट्रलची सवयही तिथलीच. तिच्यावर हळवं होण्याचं कारण नाही. पण भरलेली गाडी उतारावर कशी बोलते हे तिथे कानाला कळायचं. आपल्याकडे बरेचसे ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. भाडं परवडेना तसा त्यांनी आधी किन्नर कमी केला. म्हणजे कंपनीची शाळा त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही आणि घरची शाळा बंद झाली.

कर्जतच्या एखाद्या पोराचा रस्ता मग असा जातो. अठराव्या वर्षी कारचं लायसन. ट्रकसाठी विशीपर्यंत थांबायचं. मधल्या काळात टेम्पो असतोच: ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा परवाना लागत नाही. गरिबाच्या पोटाच्या दृष्टीने निकाल बरोबरच वाटतो. पण भाजी, सिमेंट, पाण्याचे जार भरून घाट चढायचा-उतरायचा तो याच वर्षांत. विशीत तो जड वाहनाच्या शाळेत दाखल होईल तेव्हा उतारावर हात गिअरच्या दांडीकडे कशासाठी जातो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असेल. ही दोन वर्षं कोणत्याच अभ्यासक्रमात नाहीत.