ठाणे-कल्याण परिसरातील कौटुंबिक तंबू मुक्काम

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील कुटुंबे शनिवार-रविवारच्या सुट्टीत जवळच्या ग्रामीण भागात जाऊन एक रात्र तंबूत राहतात. या पर्यटन प्रकारास तंबू मुक्काम किंवा व्यवहारात कॅम्पिंग असे म्हणतात. या शहरांभोवती डोंगर, जंगले आणि जलाशय विपुल असले, तरी त्यांतील मोठा भाग संरक्षित वनांत किंवा पाणीपुरवठा धरणांच्या हद्दीत येतो. त्यामुळे सर्वांत जवळची हिरवी जागा मुक्कामास योग्य असतेच असे नाही. लहान मुले व ज्येष्ठ व्यक्ती सोबत असताना जागेची निवड मुख्यतः चार बाबींवर ठरते : जमिनीचा ताबा, पाण्यापासूनचे अंतर, ऋतू आणि रात्री रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची सोय.

भौगोलिक पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर हे सात तालुके राहिले. यांपैकी मुरबाड व शहापूर हे तालुके प्रामुख्याने ग्रामीण असून सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. कल्याण स्थानकापासून मध्य रेल्वेचा एक फाटा ईशान्येस कसाऱ्याकडे व दुसरा आग्नेयेस कर्जतकडे जातो. या दोन फाट्यांच्या दरम्यान मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आहे. परिसरातील बहुतेक सहली या तीन दिशांनी निघतात.

जमिनीचा ताबा व परवानगी

ठाणे शहरास लागून असलेले येऊरचे जंगल हे सुमारे १०३ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे बिबट्यांचा वावर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. खासगी तंबू ठोकून तेथे रात्र काढता येत नाही. तानसा व तुंगारेश्वर ही अभयारण्येही याच कायद्याखाली येतात. राखीव वनात विनापरवाना प्रवेश करणे व विस्तव पेटवणे हे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हे आहेत.

तानसा व मोडकसागर हे जलाशय मुंबई महानगरपालिकेच्या, तर बदलापूरजवळील बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात आहे. ही पिण्याच्या पाण्याची साठवणस्थाने असल्याने त्यांच्या काठावर मोकळेपणे मुक्काम करता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारके असलेले किल्ले सूर्यास्तानंतर बंद होतात. मावळातील लोहगड हे त्याचे उदाहरण होय.

या मर्यादांमुळे कौटुंबिक मुक्काम बहुधा खासगी शेतजमिनीवर, जमीनमालकाच्या संमतीने केला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण व २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यांत अशा केंद्रांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणीकृत केंद्रांत शौचालय, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराच्या सोयींची आगाऊ चौकशी करणे सोपे जाते.

परिसरातील ठिकाणे

कसारा मार्ग : आसनगाव स्थानकाजवळील माहुली हा ठाणे जिल्ह्यातील एक उंच किल्ला आहे. गडावर चढाई दमछाक करणारी असल्याने लहान मुलांसह जाणारे पायथ्याच्या गावांत राहणे पसंत करतात. कसारा व इगतपुरी ओलांडून घोटीमार्गे अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा गाठता येते. विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी तेथे तंबूंची सोय असते. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी तेथे मोठी गर्दी होते.

मुरबाड मार्ग : या मार्गावर रेल्वे नसल्याने एसटी किंवा स्वतःच्या वाहनाचा आधार घ्यावा लागतो. गोरखगड व सिद्धगड ही या भागातील प्रसिद्ध स्थळे आहेत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात येत असल्याने मुक्कामापूर्वी वन विभागाकडे चौकशी आवश्यक ठरते.

कर्जत मार्ग : रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेल्वे स्थानकांपासून जवळ अनेक शेतघरे व कृषी पर्यटन केंद्रे आहेत. प्रथमच तंबूत राहणाऱ्या कुटुंबांस ही दिशा सोयीची मानली जाते. याहून लांब, पुणे जिल्ह्यातील पवना जलाशयाचा काठ तंबू मुक्कामासाठी विशेष लोकप्रिय आहे.

पाणी व ऋतुमान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुक्कामास सर्वांत अनुकूल असतो. मार्चनंतर कोकणपट्टीतील उकाडा वाढतो आणि वाळलेल्या गवतामुळे वणव्याचा धोका निर्माण होतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर पडलेला पाऊस अल्पावधीत पायथ्याच्या ओढ्यांना पूर आणतो. मुक्कामाच्या जागी पाऊस नसतानाही पाणी चढू शकते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी दरम्यान अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे व धरण परिसरांत प्रवेशबंदीचे आदेश काढत असते.

नदीचे पात्र, ओढ्याची वाळू आणि धरणाच्या खालच्या बाजूचा काठ मुक्कामासाठी वर्ज्य मानला जातो. जलाशयाचा तळ गाळाचा व असमान असल्याने काठाजवळही खोली एकाएकी वाढते. पोहता येणाऱ्या व्यक्तीही अशा ठिकाणी बुडू शकतात.

सुरक्षितता

बंद तंबूत कोळशाची शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. हा वायू गंधहीन असल्याने धोका लक्षात येत नाही. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांस चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नसल्याने तो दुर्लक्षित राहण्याची शक्यता असते. म्हणून तळ शिवलेला व चेन पूर्ण बंद होणारा तंबू वापरणे उपयुक्त ठरते. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपचार असल्याने सर्वांत जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची माहिती निघण्यापूर्वीच घेतली जाते. आपत्कालीन मदतीसाठी ११२ व वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक आहेत. मात्र डोंगराळ भागांत मोबाइलची रेंज खंडित होत असल्याने यजमान शेतकऱ्याचे घर हाकेच्या अंतरावर असणे महत्त्वाचे ठरते.

स्थानिक समाज

मुरबाड, शहापूर व कर्जत तालुक्यांत ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांची वस्ती आहे. जेवण, वाटाड्याचे काम व जागेचे भाडे यांतून या भागातील कुटुंबांस पूरक उत्पन्न मिळते. मात्र मोठ्या आवाजातील संगीत, प्लास्टिक कचरा व दारूच्या फुटक्या बाटल्या यांमुळे शेती व गुरांना उपद्रव होतो. परिणामी पर्यटकांना जागा देण्यास नकार मिळण्याची शक्यता वाढते.